पडद्याची घनता आणि डोळ्याचे अंतर

दूरचित्रवाणी संच, संगणकाचा मॉनिटर अथवा मोबाइल फोन विकत घेण्याच्या इराद्याने सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या बाजारपेठेत शिरलेला गृहस्थ दुकानदारास पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती इंची?’ हा, आणि दुसरा विचारतो तो ‘फुल एचडी की फोर के?’ हा, या दोहोंची उत्तरे मिळाली म्हणजे वस्तूची परीक्षा पुरी झाली, अशी त्याची आणि बहुधा दुकानदाराचीही प्रामाणिक समजूत असते. वस्तुतः हे दोन आकडे सुटे सुटे वाचले असता पडद्यावरील अक्षर रेखीव दिसेल की दातेरी, याविषयी काहीच निष्पन्न होत नाही. दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागावे लागते, आणि त्या भागाकारातून जे काही हाती येईल ते आणखी एका तिसऱ्या गोष्टीशी, म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा पडद्यापासून किती फुटांवर राहणार आहे याच्याशी, ताडून पाहावे लागते. ही तिसरी गोष्ट कोणत्याही खोक्यावर छापलेली नसते, कारण ती कारखानदाराच्या हाती नसून घेणाऱ्याच्या घरातील खुर्ची-टेबलाच्या मांडणीवर अवलंबून असते. आणि पडद्यांच्या तुलनेत जो घोटाळा होतो त्यातला निम्म्याहून अधिक हिच्या विस्मरणामुळे होतो, असे माझे मत आहे.

प्रथम भागाकाराचा तपशील पाहू. पडद्यावरचे चित्र म्हणजे प्रकाशाच्या अतिसूक्ष्म चौकोनांची आडव्या-उभ्या ओळींत केलेली मांडणी होय, आणि त्यातील प्रत्येक चौकोनास पिक्सेल म्हणतात, हे आता शाळकरी मुलासही ठाऊक असते. ‘फुल एचडी’ याचा अर्थ आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० पिक्सेल, म्हणजे एकूण सुमारे २० लाख ७४ हजार. ‘फोर के’ याचा अर्थ ३८४० आणि २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार, बरोबर चौपट. पडद्याचा आकार मात्र कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्णावर मोजण्याचा शिरस्ता आहे. यास्तव पिक्सेलही कर्णावरच मोजावे लागतात, आणि तेथे पायथागोरसचा तोच सिद्धान्त कामी येतो जो आपण सर्वांनी शाळेत घोकला आणि परीक्षेनंतर विसरलो. १९२० चा वर्ग आणि १०८० चा वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे २२०३ येते. त्यास २४ ने भागले की २४ इंची फुल एचडी मॉनिटरची घनता दर इंचास ९२ पिक्सेल निघते, आणि २७ ने भागले की २७ इंची मॉनिटरची ८२. दोन्ही खोक्यांवर ‘फुल एचडी’ हीच अक्षरे छापलेली, मोठ्या पडद्याची किंमत जास्त, आणि तरीही बारीक अक्षर वाचण्याच्या कामी महाग वस्तू स्वस्त वस्तूहून कमी प्रतीची! वारणाकाठच्या शेतकऱ्यास हे समजावून सांगण्यास फारसे प्रयास पडू नयेत. उसाच्या तेवढ्याच सऱ्या एकरात पाडल्या की दीड एकरात, यावर सरीसरीमधले अंतर ठरते, सऱ्यांची संख्या दोन्हीकडे तीच असली तरी.

याच ओघात दोन किरकोळ बाबींची नोंद करून ठेवतो. ३२ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या संचाच्या खोक्यावर बहुधा ८० सेंटिमीटर असा अधिकृत आकडा असतो, आणि ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. हा अर्धा इंच कोठे गेला याची चौकशी कोणी करीत नाही, आणि घनतेच्या हिशेबात त्याने विशेष बिघडतही नाही. दुसरी बाब महत्त्वाची आहे. घनता ही रेषेवर मोजलेली राशी असल्यामुळे ती दुप्पट झाली की क्षेत्रफळातील पिक्सेल चौपट होतात. २७ इंची पडदा फुल एचडीऐवजी फोर के घेतला तर घनता ८२ वरून १६३ होते, दुप्पट. परंतु ते चित्र रंगविण्याचा संगणकावरील बोजा चौपट होतो, आणि जुना संगणक या बोजाखाली कुरकुरू लागला म्हणजे दोष पडद्याच्या माथी मारला जातो.

चित्राचे तुकडे करून ते ओळींत मांडण्याची ही युक्ती संगणकाने शोधून काढलेली नाही. आपल्या या कृष्णाकाठच्या मुलखातच मुद्रणाच्या इतिहासाचे दोन टप्पे असे आहेत की त्यांवरून घनतेचा हा प्रश्न नेमका केव्हा उत्पन्न झाला हे उत्तम रीतीने दाखविता येते. मिरजेस गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ साली भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून. कोरणाऱ्याची छिन्नी जेथून गेली तेथे अखंड रेषा उमटली. ती रेषा तुकड्यांची बनलेली नव्हती, आणि म्हणून तिच्या संदर्भात ‘दर इंचास किती?’ हा प्रश्नच संभवत नव्हता. नागर लिपीच्या वेलांट्या-उकारांस ही रीत मानवणारीच होती, कारण हाताने लिहिलेले आणि हाताने कोरलेले यांत जातीचा भेद नसतो.

छायाचित्र छापण्याची वेळ आली तेव्हा मात्र ही अखंड रेषा अपुरी पडली. छापखान्यापाशी काळी शाई असते, करडी शाई नसते. कागदाच्या एखाद्या जागी शाई लागेल किंवा लागणार नाही, त्याच्या दरम्यानची कोणतीही अवस्था यंत्रास ठाऊक नाही. मग माणसाच्या गालावरची सावली, जी गडदापासून उजळापर्यंत हलके हलके विरघळत जाते, ती कागदावर आणावी कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत या प्रश्नाचे जे उत्तर युरोप-अमेरिकेत सिद्ध झाले त्याचे नाव हाफटोन. न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ या दैनिकाने ४ मार्च १८८० रोजी या पद्धतीचे चित्र छापले, आणि पुढे काचेवर आडव्या-उभ्या बारीक रेघा ओढून तयार केलेली जाळी कॅमेऱ्यात बसवून तिच्यातून छायाचित्राचे छायाचित्र घेण्याची रीत रूढ झाली. जाळीतून आलेला प्रकाश धातूच्या पत्र्यावर ठिपक्यांच्या रूपाने उमटे. जेथे चित्र गडद तेथे ठिपका मोठा, जेथे उजळ तेथे लहान. मग तेजाबाने पत्रा खोदला की ठसा, म्हणजे छापखान्याच्या बोलीतील ‘ब्लॉक’, तयार होई. इंचात जाळीच्या किती ओळी बसतात यावर चित्राचा बारकावा ठरे, आणि पडद्याच्या पीपीआयचा, म्हणजे दर इंचातील पिक्सेलांच्या संख्येचा, खरा पूर्वज तो हाच आकडा.

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली जे कारखान्याचे गाव वसविले, आणि जे आज सांगली जिल्ह्यात मोडते, त्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ ही त्याची भावंडे जन्मास आली. शंकरराव स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले असल्यामुळे या मासिकांत चित्रांस मानाचे स्थान होते, आणि मुखपृष्ठाची व आतील छायाचित्रांची वाट मराठी वाचक कौतुकाने पाही. ज्यांच्या घरच्या माळ्यावर त्या काळातील मासिकांचे जुने अंक अद्याप शिल्लक असतील त्यांनी एक अंक उतरवून आतील छायाचित्रावर भिंग धरून पाहावे. साध्या खरखरीत कागदावर शाई पसरते, म्हणून तेथे ६५ ते ८५ ओळींची विरळ जाळी वापरण्याचा प्रघात होता, आणि तिचे ठिपके नुसत्या डोळ्यांसही जाणवतात. गुळगुळीत आर्टपेपरावर शाई फारशी पसरत नसल्याने तेथे १३३ ते १५० ओळींची जाळी चालत असे, आणि तिचे ठिपके भिंगावाचून दिसत नाहीत. जाळी बहुधा ४५ अंशांत तिरपी बसविलेली आढळेल. आडव्या आणि उभ्या रेघा मनुष्याच्या डोळ्यास चटकन कळतात, तिरप्या तितक्या कळत नाहीत, हे मुद्रकांनी हेरले होते आणि ठिपक्यांची रांग लपविण्याच्या कामी त्याचा उपयोग करून घेतला होता.

ठिपका आणि पिक्सेल यांत एक भेद आहे, आणि तो लक्षात न घेतल्यामुळे आजही फ्लेक्सच्या दुकानांपासून महाविद्यालयांच्या कचेऱ्यांपर्यंत ‘डीपीआय’ (दर इंचास ठिपके) आणि ‘पीपीआय’ (दर इंचास पिक्सेल) ही दोन मापे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. हाफटोनच्या ठिपक्यात शाई सर्वत्र सारखीच काळी, बदलते ते ठिपक्याचे आकारमान. पिक्सेलचे आकारमान ठाम, बदलते ते त्याचे तेज, आणि त्याच्या प्रत्येक रंगास साधारणतः २५६ पायऱ्या असतात. लेसर प्रिंटर ६०० डीपीआयचा असतो म्हणून तो २७ इंची फोर के पडद्याच्या जवळजवळ चौपट सूक्ष्म, असे मानणे म्हणूनच चूक आहे. प्रिंटरचा एक ठिपका नुसता काळा किंवा नुसता कोरा. त्यातून करड्या रंगाच्या ६५ छटा हव्या असतील तर आठ बाय आठ ठिपक्यांचा एक गट करावा लागतो, आणि ६०० ला ८ ने भागले की उरतात दर इंचास ७५ गट, म्हणजे जवळपास वर्तमानपत्री जाळीच. अक्षरे छापताना छटांची गरज नसल्यामुळे तो प्रिंटर बाजी मारतो, आणि छायाचित्र छापताना तोच उघडा पडतो.

आता डोळ्याकडे वळू. मिरज हे रुग्णालयांचे गाव आहे. डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली तेथे स्थापन केलेल्या इस्पितळापासून ही परंपरा चालत आली असून आजूबाजूच्या जिल्ह्यांतील आणि पलीकडे कर्नाटकातील माणसे तपासणीसाठी तेथे येतात. तेथील कोणत्याही नेत्रचिकित्सकाच्या खोलीत भिंतीवर जो अक्षरांचा तक्ता टांगलेला असतो त्याची योजना हॉलंडमधील हेर्मन स्नेलेन या वैद्याने १८६२ साली केली. सहा मीटरवरून ज्या ओळीचे वाचन साधले असता दृष्टी ‘सहा बाय सहा’ ठरते, त्या ओळीतले अक्षर सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंच असते आणि त्याचा प्रत्येक फराटा त्याच्या पाचव्या हिश्शाइतका, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर जाड असतो. हा फराटा सहा मीटरवरून डोळ्याशी जो कोन करतो तो एका अंशाचा साठावा भाग, ज्यास गणितात एक कला म्हणतात. निरोगी डोळा एका कलेइतका तपशील वेगळा ओळखू शकतो, त्याहून बारीक तपशील त्याच्या लेखी एकमेकांत मिसळून जातो, हा या तक्त्यामागील सिद्धान्त.

या कलेतूनच आपणांस हवी असलेली किल्ली मिळते. कोणत्याही अंतरावर एका कलेने व्यापलेली लांबी त्या अंतराच्या ३४३८ व्या भागाइतकी असते. अंतर एक फूट, म्हणजे बारा इंच घेतले, तर अशा २८६ लांबी एका इंचात बसतात. दोन फुटांवर त्याच्या निम्म्या, १४३. तीन फुटांवर ९५. आठ फुटांवर अवघ्या ३६. एवंच, २८६ या आकड्यास पडद्यापासूनच्या फुटांनी भागावे, आणि जो भागाकार येईल तितकी घनता असलेल्या पडद्यावर सहा बाय सहा दृष्टीच्या माणसास पिक्सेल सुटा दिसेनासा होतो. जून २०१० मध्ये आयफोन ४ लोकांपुढे ठेवताना स्टीव्ह जॉब्स यांनी दहा-बारा इंचांवर धरलेल्या वस्तूत ३०० पीपीआयच्या आसपास डोळ्याची मर्यादा येते असे सांगितले होते आणि त्या फोनची घनता ३२६ होती, यातील गणित हेच. त्यावर जाणकारांनी आक्षेप घेतला तो असा की सहा बाय सहा ही दृष्टीची परमावधी नसून सर्वसामान्य निरोगीपणाची खूण आहे, आणि तरुण डोळे तिच्या पलीकडचे पाहतात. आक्षेप रास्त होता. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जुन्या हिशेबाप्रमाणे एका अंशात ६० पिक्सेल पुरे व्हायला हवे होते तेथे, काळ्या-पांढऱ्या आकृत्यांच्या बाबतीत सरासरी ९४ पर्यंतचा भेद डोळ्यास जाणवतो असे आढळले; रंगांच्या बाबतीत ही मर्यादा खाली होती, आणि पिवळ्या-जांभळ्याच्या जोडीत तर पुष्कळच. तेव्हा २८६ ही खालची पायरी आणि सुमारे ४५० ही वरची पायरी धरून, दोहोंस फुटांनी भागून, त्यांच्या दरम्यान आपला पडदा पडतो की नाही ते पाहावे. ज्यांस चाळिशी लागली असून जे चष्म्यावाचून फोन हातभर लांब धरतात त्यांनी वरच्या पायरीची चिंता करण्याचे कारण नाही.

हा हिशेब हाती घेऊन बाजारात हिंडले असता पुष्कळ जाहिरातींचा फुगा आपोआप खाली बसतो. ६.७ इंचांच्या पडद्यावर १०८० बाय २४०० पिक्सेल असलेल्या फोनची घनता ३९३ येते, ती एका फुटासाठी दोन्ही पायऱ्यांच्या दरम्यान पडते. वरच्या पायरीहून अधिक घनतेच्या फोनास ज्यादा पैसे मोजणे म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीचे मोल देणे होय. त्याच आकाराचा ७२० बाय १६०० चा स्वस्त फोन २६२ वर अडतो, म्हणजे खालच्या पायरीच्याही किंचित खाली. व्हिडिओ पाहणाऱ्यास ते कळणार नाही, रोज अर्धा तास बातम्या वाचणाऱ्यास कळेल. दूरचित्रवाणीची गोष्ट तर याहून मौजेची आहे. आठ फुटांवर बैठक असेल तर ३६ ते ५६ घनता पुरते. ४३ इंची फुल एचडी संचाची घनता ५१ आहे आणि त्याच आकाराच्या फोर के संचाची १०२. यातली दुसरी निम्मी घनता सोफ्यावरून कोणास दिसणार, हा प्रश्न घरातील ज्येष्ठांनी अवश्य विचारावा. ५५ इंची संचात मात्र फुल एचडीची घनता ४० वर उतरते, ती दोन पायऱ्यांच्या खालच्या टोकाशी असल्याने तेथे फोर के घेण्यात अर्थ आहे. अर्थात दुकानदाराची बाजूही सांगितली पाहिजे; मोठ्या आकारात आता फुल एचडी संच सहसा विक्रीस येतच नाहीत, त्यामुळे पुष्कळदा निवड करण्याचा प्रसंग उरत नाही, आणि फोर के संचातील रंग व तेज बहुधा सरस असते ते घनतेमुळे नसून पडदा नव्या घडणीचा असल्यामुळे.

अंतर वाढले की मागणी किती झपाट्याने घटते हे पाहायचे असेल तर घराबाहेर पडावे. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर किंवा सांगलीच्या कोणत्याही चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जे फ्लेक्स झळकतात त्यांवरील छायाचित्र पुष्कळदा व्हॉट्सॲपवरून आलेले, रुंदीला जेमतेम पंधराशे पिक्सेलचे असते. ते दहा फूट रुंदीवर पसरले की दर इंचास साडेबारा पिक्सेल उरतात, आणि २८६ ला साडेबाराने भागले की उत्तर येते सुमारे तेवीस फूट. रस्त्याच्या पलीकडून भाऊसाहेबांची मुद्रा प्रसन्न दिसते. फ्लेक्सखाली उभे राहून पाहिले तर त्यांच्या मिशीची फरशी झालेली असते. गणेशोत्सवात आणि प्रचारसभांत भाड्याने येणाऱ्या एलईडी वॉलची घनता तर इंचाने मोजण्याची सोयच नाही. तेथे एका दिव्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये सांगतात. ‘पी-१०’ म्हणजे दहा मिलिमीटर, अर्थात दर इंचास अडीच पिक्सेल. असा पडदा डोळ्यास सलग दिसण्यासाठी ३४ मीटर दूर उभे राहावे लागेल, म्हणून तो दुकानाच्या पाटीवर सरकती अक्षरे दाखविण्यापुरताच ठीक. ‘पी-३.९१’ चा पडदा साडेतेरा मीटरवर सलग होतो. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी भाडे ठरविताना पहिल्या रांगेतील खुर्च्या पडद्यापासून किती मीटरवर मांडणार आहोत ते आधी पाहिले, आणि त्या आकड्यास साडेतीनने भागले, तर किती मिलिमीटरचा पडदा पुरेल ते कागद-पेन्सिलीवाचून कळते. त्याहून बारीक पडदा घेणे म्हणजे वर्गणीचा अपव्यय.

औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात, जे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारले आणि जेथे राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत, तेथे गेलेल्या रसिकास हे अंतराचे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. तो चित्रापाशी जातो, कुंचल्याचा फटकारा पाहतो, दोन पावले मागे सरतो, आणि फटकाऱ्याचे वस्त्र झालेले पाहतो. पडद्याच्या बाबतीत मात्र आपणांस मागे सरण्याची मुभा नसते, कारण आपण तेथे वाचतो, आणि वाचणारा अक्षराच्या मागे मागे पुढे झुकतो.

मजकूर वाचण्याच्या या प्रश्नात मराठी वाचकाची कैफियत वेगळी आहे आणि ती कोणत्याही खरेदी-मार्गदर्शकात मांडलेली मी पाहिली नाही. २७ इंची मॉनिटरसाठी २५६० बाय १४४० पिक्सेल, म्हणजे १०९ घनता, ही सुवर्णमध्य असल्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. परंतु तो सल्ला रोमन लिपी वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी ठरविलेला आहे. छापखान्याच्या मापाने बारा पॉइंटचे अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग. सेवा केंद्रात किंवा सोसायटीच्या कचेरीत अद्याप चालू असलेल्या १८.५ इंची, १३६६ बाय ७६८ च्या जुन्या मॉनिटरची घनता ८५. तेथे या अक्षराच्या वाट्यास उंचीचे चौदा पिक्सेल येतात. रोमन लिपीत त्या चौदांत एक अक्षर सुखाने नांदते. आपल्या लिपीत त्याच चौदांत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, मध्ये शिरोरेषा, तिच्याखाली अक्षराचा देह, आणि त्याच्याही खाली उकार किंवा पायाशी चिकटलेला रकार, असे चार मजले उभारायचे असतात. देहाच्या वाट्यास जेमतेम आठ-नऊ पिक्सेल उरतात. ‘द्ध’ अथवा ‘ट्ट’ लिहायचे म्हणजे त्या आठांत एकाखाली एक दोन अक्षरे कोंबणे आले. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांतील भेद शिरोरेषेत पडलेल्या लहानशा खंडावर आणि डाव्या बाजूच्या गाठीवर उभा आहे. तो खंड या मॉनिटरवर एखादा पिक्सेल रुंद असतो, आणि कडा मऊ करण्यासाठी संगणक अर्धवट भरलेल्या पिक्सेलांस करडा रंग देतो तेव्हा तोही बुजून जातो. सातबाऱ्यावरील खातेदाराचे नाव किंवा फेरफाराच्या नोंदीतील गावाचे नाव पडद्यावर रुजुवात करून पाहणाऱ्या माणसाने नाक पडद्याला टेकवावे लागण्याचे कारण नेहमीच त्याच्या डोळ्यांत नसते.

तेच बारा पॉइंटचे अक्षर २७ इंची फोर के मॉनिटरवर सत्तावीस पिक्सेल उंचीचे होते. खंड दोन-तीन पिक्सेलांचा, गाठ गोल, अनुस्वार वाटोळा. अक्षराचे आकारमान बदलत नाही, कारण संगणक घनतेच्या प्रमाणात ते फुगवून मूळ मापास आणून ठेवतो. ही फुगवणूक सेटिंगमध्ये दीडशे किंवा दोनशे टक्के अशी दिसते, आणि ती बंद करून ‘फोर केमुळे अक्षरे बारीक झाली’ अशी तक्रार करणारे लोकही पुष्कळ आहेत. १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते, म्हणजे एका पॉइंटास एक. पुढे विंडोजने ९६ हा आकडा धरला तो पडदा कागदापेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने दूर असतो या विचाराने. अंतराचा हिशेब संगणकाच्या पायाभरणीतच होता. घरोघरी मात्र त्याची आठवण राहिली नाही.

घनतेने सांगता न येणाऱ्या गोष्टीही थोडक्यात सांगतो. प्रत्येक पिक्सेल लाल, हिरव्या आणि निळ्या अशा उपपिक्सेलांचा बनलेला असतो. पुष्कळ ओलेड फोनांत लाल आणि निळे उपपिक्सेल हिरव्याच्या निम्मेच बसविलेले असतात, त्यामुळे ३९३ चा आकडा छापलेला असला तरी रंगीत कडांच्या बाबतीत तो पूर्ण वसूल होत नाही. चित्रपट किंवा केबलवरील वाहिनी मुळात कमी पिक्सेलांत येत असेल तर पडदा त्या उणिवेची भरपाई अंदाजाने करतो. साताऱ्यातील पश्चिमाभिमुख खोलीत दुपारनंतर खिडकीतून उन्हाची तिरीप पडद्यावर येते. तेथे चकचकीत काचेच्या फोर के पडद्यापेक्षा निस्तेज पृष्ठाचा साधा पडदा अधिक वाचनीय ठरतो.

मॉनिटर घेण्यास जाताना आपल्या टेबलावर डोळा आणि पडदा यांत किती फूट अंतर पडते ते मोजपट्टीने मोजून न्यावे, आणि दुकानात नटनट्यांची आणि धबधब्यांची झगमगीत चित्रफीत न पाहता एखादा मराठी मजकूर, शक्य तर जोडाक्षरांनी गच्च भरलेला सरकारी अध्यादेश, बारा पॉइंटांत उघडून तितक्याच अंतरावरून वाचून पाहावा. दोन फुटांच्या बैठकीस माझ्या हिशेबाने मराठी वाचकाने १४० च्या खाली उतरू नये, म्हणजे १५.६ इंची लॅपटॉप घ्यायचा तर फुल एचडी पुरे, कारण त्याची घनता १४१ आहे, आणि २७ इंची मॉनिटर घ्यायचा तर फोर के. एवढे पैसे नसतील तर २४ इंची फुल एचडी घेऊन अक्षर चौदा-सोळा पॉइंटांचे ठेवावे. २७ इंची फुल एचडी मात्र, कितीही सूट मिळत असली तरी, लेखन-वाचनाच्या कामासाठी घेऊ नये.